तळ्याला सांगितलेला पासवर्ड

आयलीच्या घरच्या वायफायचं नाव होतं 'रेनोची सौना', म्हणजे वाफेची न्हाणी. नवऱ्याने हौसेने ठेवलेलं. उत्तर मिनेसोटातल्या त्या तळ्याकाठच्या घरी पाहुणा आला की रेनो म्हणायचा, "आधी कपडे काढा, मग पासवर्ड मिळेल," आणि स्वतःच खो खो हसत सुटायचा. "पुरे झाला चावटपणा," आयली म्हणायची.

डिसेंबरात गोठलेल्या तळ्यावर मासे मारायला जाताना कोवळ्या बर्फातून तो गाडीसकट खाली गेला. गाडी निघाली. रेनो सापडला नाही, त्याचा फोनही नाही.

मार्च लागला आणि रोज अंधारून आलं की आयलीच्या फोनवर सूचना यायला लागली: 'रेनोचा फोन वायफायला जोडला गेला.' मासे मारून परतायची त्याची हीच वेळ. पहिल्यांदा तिच्या हातून बशी निसटली. मग सवय झाली. सवय कसली, ती वाटच बघायची. तो जोडला गेला की मगच तिला घास जायचा.

मुलगी क्रिस्टी डलूथहून आली, तेव्हा तिने ती सूचना पाहिली.

"आई, कुणीतरी बाबांच्या नावाने आपलं वायफाय वापरतंय. नाव बदल, पासवर्ड बदल. आत्ताच्या आत्ता."

"वापरू दे की. तुझं काय जातंय?"

"आई, लोक हसतील गं तुला."

लेकीपुढे तिचं काही चाललं नाही. नाव 'आयलीचं घर' झालं. पासवर्ड मात्र तिने स्वतः ठरवला: रेनोच्या आवडीचा वेलचीपाव आणि लग्नाचं साल. टीव्ही, प्रिंटर, हीटर, सगळे रुसून बसले. एकेकाला नव्याने पासवर्ड द्यावा लागला. क्रिस्टी निघून गेली.

त्या संध्याकाळी सूचना आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मेल्या हीटरलासुद्धा सांगितलं, आणि नवऱ्याला तेवढं सांगायचं राहिलं. तो दाराशी येऊन परत जात असेल तर?

पुढच्या दुपारी ती तळ्यावर गेली. काठाशी बर्फ वितळून काळं पाणी दिसत होतं. आजूबाजूला कुणी नाही हे तिने बघून घेतलं. लाजच वाटत होती तिला.

"रेनो, नाव बदललंय. आता 'आयलीचं घर'. पासवर्ड वेलचीपाव, एकोणीसशे चौऱ्याहत्तर. सगळं जोडून. मी तिथेच आहे रे. ये."

तो जरा कमी ऐकायचा, म्हणून तिने पुन्हा एकदा, चांगलं मोठ्याने सांगितलं.

घरी येऊन ती फोन पुढ्यात घेऊन बसली. अंधारून आलं. फोन वाजला.

'लॉरीचा फोन वायफायला जोडला गेला.'

लॉरी? पलीकडच्या काठावरचा लॉरी तर ह्याच तळ्यात होडी उलटून गेलेला, किती वर्षं झाली.

फोन पुन्हा वाजला. 'अग्नेसचा फोन.' तीही तळ्यातच गेलेली.

मग एक नाव, जे तिने कधी ऐकलंच नव्हतं. मग आणखी एक.

रेनो नव्हता.

मागच्या दाराबाहेर कुणीतरी ओले बूट आपटून झाडले. मग दुसऱ्या कुणीतरी.

पासवर्ड बदलणं दोन मिनिटांचं काम होतं. तिने फोन हातात घेतलाही.

पण रेनो अजून यायचा होता.

आयलीने फोन खाली ठेवला, आणि जाऊन दाराची कडी काढली.