बावन्न मिनिटांचा रस्ता

फेरी पहिली : बावन्न मिनिटं

खरं तर तिला दुसऱ्याच ट्रेलरमध्ये बसायचं होतं. त्याचं टायर धक्क्यावरच बसलं, आणि मागच्या ट्रेलरच्या ड्रायव्हरनं आपलं दार उघडलं.

“चढा बाई. घड्याळ सांभाळून.”

एका हातात घड्याळ, दुसऱ्यात वही. चढायचं कसं? तिनं वही दातांत धरली. तो हसला नाही — म्हणजे हसला, पण आरशाकडे बघून.

तिचं काम साधं होतं. जहाजातून कंटेनर धक्क्यावर उतरतो, ट्रेलरवर चढतो, चौदा किलोमीटर कापून रेल्वे यार्डात जातो, तिथं मालगाडीवर बसतो. हा मधला रस्ता किती वेळ खातो ते वीस फेऱ्या मोजायचं. सरासरी पस्तीस मिनिटांच्या वर गेली की रूळ थेट धक्क्यापर्यंत. जहाजातून उचलला, गाडीत ठेवला, मध्ये कुणी नको. खाली राहिली तर रस्ता आहे तसा, बासष्ट ट्रेलर आहेत तसे. हे साहेबांना ठाऊक होतं आणि तिला. ड्रायव्हरांना सांगायचं नाही असा हुकूम होता.

“तुम्ही नेहमी इतकं सावकाश चालवता?”

“माल नाजूक आहे.”

“का? काय आहे कंटेनरमध्ये?”

“कंटेनरचं कोण बोलतंय…”

तिनं खिडकीची काच खाली केली. खारा वारा आत आला, वहीची पानं फडफडली. मोजणीचा एक नियम होता: एकदा घेतली ती गाडी, तो ड्रायव्हर, शेवटपर्यंत. नियम तिला पहिल्यांदाच आवडला.

फेरी चौथी : पन्नास

यार्डातले सगळे त्याला तुफान म्हणत. तिला वाटलं, चेष्टेनं. लठ्ठ माणसाला नाही का ‘काडी’ म्हणत? तिनं मामांना विचारलं. मामा म्हणजे सगळ्या ड्रायव्हरांचे मामा, वयानं आणि जिभेनं मोठे.

“चेष्टा? अहो ताई, सहा वर्षं हा अठ्ठावीस मिनिटांत पोचतोय. आत्ताच काय पायात गोळे आलेत, देव जाणे!” मग मामांनी तिच्याकडे नीट पाहिलं, चहाचा घोट घेतला आणि विषय बदलला.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

आता खरं तर त्याला सांगायचं: बाबा रे, नेहमीसारखी चालव. वहीतला ‘पन्नास’ खोडायचा. पेन तिनं उघडलंसुद्धा. …उद्या सांगू. उद्या उगवला, तेव्हा परवा सांगू.

फेऱ्या पाच ते एकोणीस

वेळ वहीत आहे. बाकीचं असं —

“भाऊ आहेत तुला?”

“दोन. दोघंही तुझ्यापेक्षा वेगात चालवतात.”

“ट्रेलर?”

“सायकल.”

*

अकराव्या फेरीपर्यंत ‘अहो’ कधीच गळून पडलेलं होतं. कुठल्या वळणावर, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

*

“आई विचारते, हल्ली उशीर का होतो.”

“मग?”

“म्हटलं, रस्त्याचं काम चाललंय.”

“चाललंय?”

त्यानं गिअर बदलला. उगाच. “…चाललंय की.”

*

पुलावर मागून हॉर्नवर हॉर्न. त्यानं सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. ती पाण्याकडे बघत होती, तो तिच्याकडे, आणि एक ट्रेलरवाला जाताजाता ओरडून गेला, “अरे, गाडी बंद पडलीय की तू?”

फेरी विसावी : त्रेपन्न

अहवालात तिनं सरासरी लिहिली: एक्कावन्न. एक बेरीज, एक भागाकार. लिहिताना पेन कुठं अडलं नाही. तेच पुढे तिला सलत राहिलं.

(यानंतर फेऱ्या मोजल्या नाहीत)

यार्डाच्या फळ्यावर नोटीस लागली. धक्क्यापर्यंत रूळ. ट्रेलर महिनाअखेरीस बंद. खाली कारण छापलेलं: रस्त्याने लागणारा सरासरी वेळ एक्कावन्न मिनिटे.

बासष्ट जण उभे राहून वाचत होते. एकानं दोनदा वाचलं.

तो तिच्या टेबलाशी आला तेव्हा ओठ पांढरे पडले होते. “मी आहे तो आकडा. तू जरा जास्त वेळ बसावीस म्हणून मी… आणि त्यांची पोरंबाळं…”

ती उठली, कोऱ्या कागदावर ‘अठ्ठावीस’ लिहिलं आणि साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी कागद बराच वेळ पाहिला. “हे तेव्हा आणलं असतंत तर रूळ घातलेच नसते. आता खडी पडलीय बाई.” त्यांनी कागद उलटा ठेवला. “हा मी पाहिला नाही. तुमच्या भल्यासाठी.”

नव्या क्रेनवर माणूस हवा होता, एकच. तिनं शब्द टाकला, त्याला जागा मिळाली. त्यानं ती मामांना देऊन टाकली आणि स्वतः आपला ट्रेलर घेऊन दूरच्या एका बंदरात जायचं ठरवलं.

निघायच्या सकाळी ऊन लख्ख होतं. नव्या रुळांकडे बघवत नव्हतं, इतकं.

“ये ना बरोबर,” तो वरून, केबिनमधून म्हणाला.

“आणि ही मालगाडी? जिच्यापायी इतके जण उठले, ती तरी वेळेवर सुटायला नको? तिचं वेळापत्रक आता माझ्याकडे आहे. तेवढं तरी मला…”

त्यानं मान हलवली. तिचं त्याला पटलं होतं, आणि पटायला नको होतं.

“तुला चुकवून जाणार होतो,” तो म्हणाला. “तोंड दाखवायला जागा नाही. घात केला मी सगळ्यांचा. एकट्यानं.”

“एकट्यानं नाही.”

“म्हणजे?”

“मला ठाऊक होतं. चौथ्या फेरीपासून. मामांनी सांगितलं होतं — अठ्ठावीस.”

तो खिडकीतून खाली वाकला.

“आणि तरी लिहीत राहिलीस?”

“लिहीत राहिले.”

“का?”

तिला वाटलं होतं, हे वाक्य कधीतरी पुलावर, हसत, लाजत म्हणायचं. ते असं, डिझेलच्या धुरात, चोरीच्या कबुलीसारखं बाहेर पडलं.

“मलाही पोचायचं नव्हतं रे कुठं.”

तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. खांदे हलत होते. हसतोय की रडतोय, खालून कळेना. त्यानं मान वर केली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा कित्येक दिवसांनी सैल झाला होता.

“मामांना, सगळ्यांना सांगशील?”

“आत्ता.”

“शिव्या घालतील.”

“घालू देत. तुझ्या एकट्याच्या नावानं घालतायत, ते ऐकवत नाही.”

“वेडी आहेस.”

“हो. जा आता… माझा पाय निघायचा नाही.”

त्यानं काही तरी म्हटलं. गिअरच्या आवाजात ते गेलं, आणि तिनं पुन्हा विचारलं नाही. ट्रेलर फाटकातून वळला, भरधाव, ज्या वेगानं तिनं त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

शेडमध्ये मामा आणि उरलेले ड्रायव्हर शेवटचा चहा पीत बसले होते. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि दार लोटलं.