फोटोतलं काळं इंजिन

बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि हा पठ्ठ्या छत्री स्वतःच्या डोक्यावर धरायची सोडून हातातल्या खोक्यावर धरून जिना चढत होता! रेल्वेच्या जुन्या रेकॉर्ड रूमला कुलूप लावणारी ती बघतच राहिली.

"बंद झालं?" त्याच्या पापण्यांवरून पाणी निथळत होतं.

"झालं होतं..." ती म्हणाली, आणि का कोण जाणे, कुलूप पुन्हा उघडलं.

खोक्यात तळहाताएवढं वाफेचं इंजिन होतं, अजून बिनरंगाचं. तो घड्याळजी. घरी वडिलांसाठी छोटी रेल्वे मांडत होता – ते इंजिनावर कोळसा टाकणारे फायरमन म्हणून नोकरीला लागले, त्या एका वर्षाची. रूळ, सिग्नल, फलाट, सगळं हुबेहूब. अडलं होतं ते इंजिनाच्या रंगावर.

"बाबा म्हणतात लाल. पण एकुलता एक फोटो आहे, त्यात तर काळं कुळकुळीत दिसतंय."

"मग काळंच," ती ठामपणे म्हणाली. "फोटो कशाला खोटं बोलेल?"

"तरी लेखी काही मिळालं तर..."

"गुरुवारी दुपारी मी मोकळी असते," ती बोलून गेली. साफ थाप! गुरुवारी तिला मान वर करायला फुरसत नसायची.

मग गुरुवार येत गेले. काचेवर पाऊस टपटपायचा, आणि दोघं एका टेबलाशी जुनी रजिस्टरं चाळत बसायचे. धुळीने तो शिंकायचा, ती हसायची. पान उलटताना बोटाला बोट लागलं, की दोघंही एकदम फार मन लावून वाचायला लागायचे...

सहाव्या आठवड्यात, सोमवारी, तिला एकटीलाच रेल्वे कारखान्याच्या पेंट शॉपचं रजिस्टर सापडलं. तेच वर्ष, त्याच इंजिनाचा नंबर. गडद लाल, दोन हात, कडेला पिवळी रेघ. तिला धस्स झालं. त्या काळच्या फिल्मवर लाल रंग काळाच उमटायचा, हे तिला नाही तर कुणाला ठाऊक असायचं? तरी पहिल्या दिवशी तिने फोटोचीच री ओढली होती! पण धास्ती वेगळीच होती. रंग कळला की हा कशाला येईल? तिने रजिस्टर खणात सारलं आणि पुढचे दोन गुरुवार अवाक्षर काढलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी तो खुशीत आला. इंजिन काळंभोर चमकत होतं.

"टाकलं रंगवून! बाबा कालही 'लाल, लाल' करत होते. म्हटलं, वय झालंय बाबा, पुरे आता. गप्पच बसले बिचारे."

आता मात्र तिला राहवेना. तिने खण उघडला. "तुमचे बाबा बरोबर आहेत. मला... सतरा दिवस माहीत आहे."

त्याने ती ओळ दोनदा वाचली. "मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही परत आला नसता." तिचे डोळे भरून आले. "आणि मला तुम्ही यायला हवे होतात."

तो उठला. खोकं उचलून निघून गेला.

पुढच्या गुरुवारी तो आलाच नाही. शुक्रवारी ती त्या पानाची नक्कल घेऊन, भेटवहीतल्या पत्त्यावरून थेट त्याच्या घरी धडकली आणि वडिलांसमोर बसली. "काका, चूक माझी. इंजिन लालच होतं."

म्हातारबुवांनी तिला नीट न्याहाळलं. "ते त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. माफी मागितली माझी." मग आतल्या खोलीकडे बघून आवाज चढवला, "अरे, जिच्यापायी आठवडाभर तोंड पाडून बसलायस, ती हीच का?"

तो दारात आला. हातात अर्धं खरवडलेलं इंजिन, बोटं रंगाने माखलेली.

"रागावलो होतो," तो म्हणाला. "तुमच्यावर एक दिवस. मग स्वतःवर. बाबांना मी गप्प बसवलं होतं, तुम्ही नाही... नंतर यायला तोंडच राहिलं नाही."

"आता तर शोधायचंही काही उरलं नाही," ती खाली बघत म्हणाली.

"नाही ना. काल दिवसभर निमित्त शोधत होतो. एक सुचेल तर शपथ!" तो जवळ आला. "निमित्ताशिवाय आलो तर... चालेल?"

तिने त्याची ती माखलेली बोटं आपल्या हातात घेतली.

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"हं," ते म्हणाले, "आता मला काही दिसत नाही."