पिवळ्या खुणा

विश्वास ठेवायचा तर ठेवा. जगन माझा मावसभाऊ. पेणला रामवाडीत त्याचं गॅरेज आहे. भुताखेतांची थट्टा करणारा माणूस. हे सांगताना मात्र तो एकदाही हसला नाही, म्हणून लिहितो आहे.

२००८ सालचा श्रावण. भरदुपार.

जगनची थोरली बहीण सरूताई रोह्याला दिलेली. तिच्या नवऱ्याने, सखादाजींनी, हौसेने एक जुनी परदेशी गाडी घेतली होती. ऑटोमॅटिक. तिच्या गिअरबॉक्समध्ये रुंद चेन असते. ती झिजली का, हे मोजून कळतं. चेन आत दाबायची, केसिंगवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या लोखंडी कवचावर, रंगाची खूण करायची. मग बाहेर ओढायची, दुसरी खूण. दोन खुणांत अंतर जास्त, तर चेन बाद.

गॅरेजचा नियम होता. एकाने मोजायचं, दुसऱ्याने स्वतः बघायचं.

त्या दिवशी भागीदार गोविंदाने मोजलं. "चेन ठणठणीत हाय," म्हणाला, आणि झाकण लावलं.

पंधरा वर्षांचा दोस्त. जगन बघायला उठलाच नाही.

ताईला मात्र छातीठोक सांगितलं, "मी बघितलीय."

तिसऱ्या दिवशी जिते गावाजवळ रेल्वेचे रूळ ओलांडताना गाडी मध्येच थांबली. इंजिन चालू, गाडी जागची हलेना. दाजींनी ताईला खाली उतरवलं. स्वतः गाडी ढकलत राहिले...

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ट्रेन आली.

मोडकी गाडी पुढे गॅरेजवर आली. गिअरबॉक्स काढून मागच्या पत्र्याखाली ठेवला.

आणि एका दुपारी...

टक्... टक्... टक्...

ढिली चेन केसिंगला आपटते, तसा आवाज. मग रोजच. चार दहाला.

जगनने झाकण खोललं.

आत चेन तुटून पडली होती. दोन तुकडे.

मग आपटत काय होतं...?

केसिंगवर दोन खुणा होत्या. पिवळ्या. गोविंदा भावाच्या गणपतीच्या कारखान्यातून पीतांबराचा रंग आणायचा, तोच. दोन खुणांत चांगलं बोटभर अंतर.

म्हणजे त्याने मोजलं होतं. त्याला कळलं होतं. तरी झाकण लावलं होतं.

जगनने गोविंदाला हाक मारून खुणा दाखवल्या.

"नवी चेन यायला आठवडा लागला असता," गोविंदा खाली मान घालून म्हणाला. "दाजींना घाई व्हती. म्हटलं, चार दिवस निघतील."

"मला का नाय सांगितलंस?"

"वाटलं, तू बघशीलच."

दाजी गेले तेव्हा रडला नव्हता, इतका जगन त्या दिवशी रडला. गोविंदाचं तोंड त्याने पुन्हा पाहिलं नाही. गिअरबॉक्स भंगारात दिला.

आवाज गेला नाही.

गेल्या गणपतीत सरूताई गॅरेजवर आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"लोक काय काय बोलतात, जगन. तू बघितली व्हतीस ना चेन? तुझ्या डोळ्यांनी?"

घड्याळात चार दहा. पण त्या दिवशी आवाज आला नाही. सगळं गप्प... कुणी कान देऊन ऐकत असावं, तसं.

"व्हय ताई," जगन म्हणाला.

टक्...

ताईने मागे वळून पाहिलं. "काय वाजलं रे?"

त्याने अजून तिला खरं सांगितलेलं नाही. रामवाडीतला आवाज त्या दिवसापासून बंद आहे.

ताईचा मात्र परवा रोह्याहून फोन आला होता. दुपारी चारच्या सुमारास घरात काहीतरी आपटतं म्हणे, येऊन बघून जा.

जगन अजून गेलेला नाही.