एकशे चोवीस ठोके

मांडवात चाळीसेक माणसं बेभान नाचत होती आणि मांडव मुका होता. ऐकू येत होतं ते चपलांचं घासणं, बांगड्यांची किणकिण आणि मधूनच कुणाची तरी धाप. शेजारच्या घरची हळद होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून विवानराव कुंभोजकर आपल्या मुलीकडे पाहत होते. ओवी मधोमध नाचत होती, डोळे मिटून, एकटी. दहा दिवसांवर, गुरुवारी, तिची स्वतःची हळद होती.

इचलकरंजीत आता असंच नाचतात. इचलकरंजीतच कशाला, सगळीकडेच. कानामागे कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा ‘लयबिंदू’ बसवलेला असतो. तो तुमची नाडी मोजतो, श्वास मोजतो, पाऊल कधी टेकणार हे स्नायूंच्या हालचालीवरून आधीच ओळखतो आणि त्या क्षणी, तुमच्यापुरतं, संगीत रचून कानात सोडतो. पूर्वी ठोका पडायचा आणि माणूस त्यावर पाऊल टाकायचा. आता पाऊल पडतं तिथे ठोका पडतो. त्यामुळे कुणाचाच ताल चुकत नाही, कुणी कुणाला हसत नाही, आणि ‘मला नाचता येत नाही’ म्हणून भिंतीला चिकटून बसणारी माणसं जगातून नाहीशी झाली. ओवीच्या जन्मापासून तर पाचव्या महिन्यातच लशींबरोबर बाळाला लयबिंदूही देऊन टाकतात. विवानरावांना तो मिळाला चाळिशीत. त्यांच्या पिढीचे विवान, कियान, रेयांश आता साठी ओलांडून बसलेत, आणि त्या नावांपुढे ‘राव’ कसा दिसतो हे ज्याचं त्यानं पाहावं.

“मला ओवीबरोबर एकदा नाचायचंय,” घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले.

“नाचा की. कोण नको म्हणतंय?” सईताई म्हणाल्या.

“तसं न्हवं. दोघांना एकच गाणं ऐकू यायला पाहिजे. मोठ्यानं, स्पीकरवर. एकदा ती सासरी गेली की कुठलं आलंय नाचणं!”

“मग लावा एखादं जुनं.”

“पोरीच्या हळदीला उसनं गाणं? मी करणार स्वतः.”

सईताईंनी कपाळाला हात लावला. “अहो, उभ्या जन्मात कधी टाळ तरी वाजवलाय का?”

“तीस वर्षं माग ऐकलेत,” विवानराव म्हणाले, आणि त्यांच्या मते विषय तिथेच संपला.

ते यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. शेवटचे धोट्याचे माग बंद पडले तोवर त्यांनी ते सांभाळले. कारखान्याच्या दारात उभं राहून, शंभर मागांच्या खडखडाटातून कुठला माग अर्धा ठोका मागे पडलाय हे ते डोळे मिटून सांगत. अशा माणसाला गाणं करायला काय अवघड आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

कपाटातल्या जुन्या लॅपटॉपवर ‘ठेकाघर’ नावाचं सॉफ्टवेअर निघालं. फुकटवालं. ते विकणारी कंपनी कधीच बुडाली होती, त्यामुळे पुरं सॉफ्टवेअर घ्यायचं म्हटलं तरी सोय नव्हती. यात एका वेळी आठच आवाज वापरता येत. लय एकदा ठरवली की गाणं संपेपर्यंत बदलत नसे. आणि केलेलं काम साठवता येत नसे. लॅपटॉप बंद केला की गाणं गेलं. विवानरावांनी तो बंदच केला नाही. वर पुठ्ठा लावला: ‘हात लावू नये. गाणं चालू आहे.’ सईताई रोज त्याच्या कडेकडेनं फडकं फिरवत.

पहिल्या दिवशी त्यांनी किक बसवली, म्हणजे पोटात धप्प बसणारा मुख्य ठोका. मिनिटाला एकशे चोवीस, कारण त्यांचा आवडता माग बरोबर त्याच चालीनं चाले. दुसऱ्या दिवशी दोन ठोक्यांच्या मधे, मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याची खटखट आली. तिसऱ्या दिवशी खालून घुमणारा बेस आला, आणि त्यानं शेजाऱ्यांची कुत्री भुंकायला लागली. चौथ्या दिवशी सगळे आवाज एकदम थांबवून, श्वासभर वाट पाहायला लावून, परत एकदम सोडायची युक्ती त्यांना सापडली. ती सापडल्यावर हा बासष्ट वर्षांचा गृहस्थ खुर्चीवरून उठून एकटाच नाचला.

“नाद खुळा!” त्यांनी स्वतःलाच शाबासकी दिली आणि ओवीला हाक मारली.

ओवीनं कानामागे दाबून लयबिंदू बंद केला, पदर खोचल्याचा आव आणला आणि नाचायला लागली. दहा-बारा पावलांत थांबली. “पप्पा, हे मला सोडून पुढं पळतंय.”

नवशिका माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो. विवानरावांनी सगळं पुसून पुन्हा एकशे अठरानं बांधलं. “आता मागं राहतंय,” ओवी म्हणाली. मग एकशे दहा. “कधी पुढं, कधी मागं. चुकतंय काहीतरी तुमचं.” सईताई मात्र स्वयंपाकघरात त्याच गाण्यावर भाकरी थापत होत्या आणि त्यांची थाप बरोबर ठोक्यावर पडत होती. हे पाहून विवानराव चक्रावले. त्यांनी पुन्हा एकशे चोवीसवर गाणं उभं केलं, लॅपटॉप उघडाच मांडीवर घेतला आणि ओवीला रिक्षात घालून जयसिंगपूर गाठलं.

तिथे डॉ. तनिष्का उपळेकर राहायच्या. लयबिंदू ज्या चमूनं बनवला, त्यातल्या त्या एक. सत्तरीला आल्या होत्या आणि मऊ बोलत. त्यांनी गाणं पुरं ऐकलं. बोटं टेबलावर वाजत राहिली.

“बेस जरा जास्त आहे. बाकी उत्तम! पहिलंच ना?”

“मग हिला का नाचता येईना?”

डॉक्टरांनी एक साधा टिकटिक करणारा ठोका लावला आणि विवानरावांना पेन्सिलनं त्याबरोबर टेबल वाजवायला सांगितलं. मधेच ठोका थोडा जलद केला. तीन टकटकींत विवानराव त्याच्या मागोमाग गेले. मग पेन्सिल ओवीकडे गेली. तिची टकटक सुरेख होती, एकसारखी, ठाशीव. फक्त तिचा त्या ठोक्याशी काही संबंध नव्हता. ठोका जलद झाला, मंद झाला. ओवी आपली आपल्या चालीनं वाजवत राहिली.

“गाणं बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “लहान मूल टाळ्या वाजवायला शिकतं तेव्हा आधी चुकतं. आईची टाळी आधी पडते, त्याची नंतर. मेंदू तो फरक पकडतो आणि पुढच्या टाळीला स्वतःला थोडं ओढून घेतो. परत चुकतो, परत ओढून घेतो. हजारो वेळा. त्यातून जी तयार होते तिला आम्ही ‘मेळजाण’ म्हणतो. दुसऱ्याचा पुढचा ठोका कधी पडेल हे ओळखून आपण बदलायचं. सात-आठ वर्षांपर्यंत आली तर आली.”

“आणि हिला न्हाई आली?”

“हिचं कधी चुकलंच नाही हो. आईची टाळीही लयबिंदू हिच्या हाताशी जुळवूनच ऐकवायचा. ठोकाच दर वेळी हिच्याकडे चालत आला. कान तपासले, झोप तपासली, हृदय तपासलं. हे तपासायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. आणि तक्रार तरी कोण करणार? ज्याचं कधी चुकलं नाही, तो?”

“मग बिघडलं काय?” ओवी हसून म्हणाली. “मला नाचता येतंच की.”

“शिकवतो मी,” विवानराव उठत म्हणाले. “चाळीस जॉबर तयार केलेत. ही तर घरची पोरगी.”

“करून बघा,” डॉक्टर म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

तीन दिवस बापलेकीनं तालीम केली. तिचा हात हातात घेऊन विवानराव पावलं टाकत. पहिल्या दिवशी दोघं एकमेकांच्या पायावर पडले, हसून हसून बेजार झाले. दुसऱ्या दिवशी जरा बरं झालं. तिसऱ्या दिवशी ओवी ओरडली, “जमलं पप्पा, जमलं!” खरंच, दोघांची पावलं एकदम पडत होती. सईताईंनी दृष्ट काढली.

गुरुवारी दोन्ही घरची हळद एकाच मांडवात होती. विवानरावांनी दोन मोठे स्पीकर आणवले, लॅपटॉप पाटावर ठेवला आणि बटण दाबलं. वीस वर्षांत त्या गल्लीत कुणी असा आवाज ऐकला नव्हता. साठीचे लोक आधी दचकले, मग एकेक करून उठले, आणि पाहता पाहता सगळ्या म्हाताऱ्यांची पावलं एका ठोक्यावर पडायला लागली. तरुण मंडळी कडेला उभी राहून टाळ्या पिटत होती, प्रत्येकाची टाळी वेगळी. मधोमध हळदीनं माखलेली ओवी आणि तिचा बाप नाचत होते. विवानरावांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

मग ती थांबण्याची जागा आली. सगळे आवाज बंद झाले, श्वासभर शांतता झाली आणि किक परत आदळली. ती त्यांच्या पावलाखाली नव्हती. दोन पावलांच्या मधे कुठेतरी पडली. विवानरावांनी कान दिला. म्हाताऱ्यांचा सगळा घोळका ठोक्यावर होता, सईताई ठोक्यावर होत्या, आणि गाणं करणारा स्वतः ठोक्याबाहेर होता. ओवीची पावलं तिच्या चालीनं पडत होती आणि ते तिच्या मागोमाग जात होते. तीन दिवसांत शिकला होता तो बाप. त्यांचं पाऊल अडखळलं. पण लगेच त्यांनी स्वतःला समजावलं, पोरीसाठी बापानं जुळवून घेतलं तर बिघडलं काय? जन्मभर घेऊ की.

“आता तुमची पाळी,” म्हणत त्यांनी तिचा हात अद्वैतच्या हातात दिला. अद्वैत चौगुले, होणारा जावई, गुणी मुलगा. त्यानं कानामागे दाबून लयबिंदू बंद केला आणि नाचायला लागला.

तो त्याच्या चालीनं नाचत होता, ओवी तिच्या. धरलेले हात कधी ताणले जात, कधी ढिले पडत. विवानरावांनी आवाज वाढवला. हातानं ठोका दाखवला. मोठ्यानं एक, दोन, तीन, चार मोजलं. त्या दोघांपैकी कुणीही पाऊल बदललं नाही. कुणी चिडलंही नाही. दोघांचे चेहरे शांत होते, प्रसन्न होते. थोड्या वेळानं हात आपोआप सुटले आणि दोघं सुंदर नाचत राहिले, एकमेकांपासून चार हातांच्या अंतरावर.

विवानराव लेकीजवळ गेले. “अगं, जरा त्याच्याबरोबर ये की!”

“पप्पा, कशाला काळजी करताय?” ओवी म्हणाली. “येईल की तो माझ्याबरोबर.”

पलीकडे अद्वैतही आपल्या आईला हसत हसत हेच सांगत होता.