नऊ तासांवरचा मुलगा

शेजारणीने आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडलं तेव्हा घर रिकामं होतं. काल दुपारी बाहेर पडलेले आजोबा परतलेच नव्हते. हृदयाच्या गोळ्या टेबलावरच राहिल्या होत्या.

शेजारणीने बोलावलेल्या फौजदारबाईंनी खोली पाहिली. दोन खुर्च्या. एकीची गादी बसून बसून दबलेली, दुसरी नवीकोरी. एकट्या माणसाचं घर बाईंना चटकन ओळखू येई. त्यांचं स्वतःचंही तसंच होतं.

"कुठे जातो म्हणाले?"

"मुलाला भेटून येतो म्हणाले. दर आठवड्याला हेच," शेजारीण म्हणाली. "मी चेष्टेनं विचारलं, विमानानं का? तर हसले. छे, बसनं म्हणाले. वय झालं हो, भ्रम होतो."

मुलगा पूर्वेकडच्या एका शहरात नोकरीला होता. विमानाने नऊ तास. तिथलं घड्याळ इथल्यापेक्षा चार तास पुढे. तीन वर्षांत तो एकदाही घरी आला नव्हता; फोन मात्र रोज न चुकता.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले होते. बाईंनी त्याला फोन लावला. वडील कालपासून बेपत्ता असल्याचं सांगितलं.

"निघतोच," तो म्हणाला.

दुपारी चारला तो दारात उभा होता. हातात बॅग, चेहरा पार उतरलेला.

"लवकर पोचलात."

"लगेच विमान मिळालं. नऊ तास लागतात, पण चार तासांचा फरक वजा होतो ना."

"बसा."

तो नव्याकोऱ्या खुर्चीत बसला.

"फोन केला तेव्हा या घड्याळात दहा वाजले होते," बाई म्हणाल्या. "आलात तेव्हा याच घड्याळात चार. मग तिकडच्या घड्याळाचा संबंध येतोच कुठे? नऊ तासांचा प्रवास सहा तासांत होत नाही. एकदा जरी केला असतात, तरी ही चूक झाली नसती. तुम्ही तिकडे गेलाच नाहीत. इथेच राहता."

त्याने हातातली बॅग खाली ठेवली.

"नोकरी ऐनवेळी फिसकटली. बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. तोंड कसं दाखवणार होतो?"

"आज रात्रीपर्यंत थांबला असतात, तर खोटं पचलं असतं."

"बाबा सापडत नाहीत आणि थांबू?"

बाईंचा आवाज मऊ झाला. "त्यांना भ्रम नव्हता. ते खरंच बसने मुलाला भेटायला जात होते. कामाला कुठे आहात?"

"बंदराजवळच्या गोदामात."

बाईंनी बंदराजवळच्या दवाखान्यात फोन केला. काल गोदामाच्या फाटकासमोर कोसळलेले एक आजोबा तिथे होते. नाव-गाव कोणालाच माहीत नव्हतं. नुकतेच शुद्धीवर आले होते.

मुलगा खाटेशी जाऊन उभा राहिला. बाई दारातच थांबल्या.

"बाबा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"इथे पाऊस पडायचा तेव्हा तुझ्या फोनमध्येही पडायचा. मग एकदा बसमधून दिसलास, फाटकात."

"मग हाक का नाही मारलीत?"

म्हाताऱ्याने त्याचा हात चाचपून धरला.

"तुला लाज वाटली असती. रोजचा फोन बंद केला असतास. तेवढाच तर होता मला."