अळणी घरातला पाहुणा

लाइट गेलीय तर जाऊ दे. अभिनव, तो मोबाईल आधी उलटा ठेव, नाहीतर मी चाललो झोपायला. आणि रसिका, मध्येच "आबा, खरंच का?" विचारायचं नाही. बाळा माझा मिठागरावरचा जोडीदार. हे त्याच्या घरात घडलं, त्यानंच मला सांगितलं, आणि बाळा थापा मारणाऱ्यातला नव्हता. थापा मारायचा तो मी.

दोन हजार सोळा साल. अक्षय्य तृतीयेच्या आदली रात्र, पावणेदहा वाजलेले. बाळा भाईंदर स्टेशनजवळच्या मेडिकलमधून बहिणीचं औषध घेऊन आमच्या खारी गावाला परत येत होता. रिक्षा मिळेना, म्हणून मिठागराच्या बांधानं चालत निघाला. बहीण म्हणजे शेवंती. तिशीतली पोर. दोन्ही किडन्या गेलेल्या, नवऱ्यानं आजार कळताच माहेरी आणून सोडलेली. डॉक्टरांनीही हात टेकले होते. तिला मीठ बंद, म्हणून घरात सगळ्यांचंच जेवण अळणी. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवणारे, अन् बाळाच्या ताटात चिमूटभर मीठ पडत नव्हतं.

बांधावर एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, हात रिकामे. म्हणाला, "शेवंतीचं घर कुठं?"

तुमच्या बिल्डिंगमधला कुणी असता तर आधी विचारलं असतं, कोण तू, काम काय. बाळा आपला गावचा गाढव. बहिणीचं नाव घेतोय म्हणजे हॉस्पिटलचा असेल, नाहीतर सासरचा. "चला की, मी भाऊस तिचा. जेवूनच जायचं हाय," म्हणाला अन् स्वतः घेऊन निघाला. घराजवळ आल्यावर त्यानं सहज मागं बघितलं. ओल्या चिखलात एकाच माणसाची पावलं होती. बाळाची.

पण दारात आलेल्या पाहुण्याला परत कसा पाठवणार?

शेवंती भिंतीला धरून उठली. पाहुण्याला अळणी कसं वाढायचं, म्हणून तिनं फडताळातली बरणी काढली. ताटात आधी मीठ वाढलं, मग भात, मग सुक्या बोंबलाचं कालवण. त्यानं पहिला घास घेतला अन् रडायलाच लागला. एवढा बाप्या माणूस! "असं लागतं होय?" म्हणाला.

शेवंती त्या रात्री मरणार होती. तिला ते कळलं होतं. तिनं तोंडावर विचारलं, "मला न्यायला आलास ना?"

तो म्हणाला, "आलो होतो. आता तुझ्या हातचं मीठ खाल्लं. कसा नेऊ?"

राहिला तो. नाव सांगेना, म्हणून सगळे पाहुणाच म्हणायचे. गाव बोलायचं ते बोललं, पुढं दोघांनी देवळात हार घातले तेव्हा तोंडं बंद झाली. मिठागरावर आमच्याबरोबर राबायचा, मीही बघितलाय त्याला. खाऱ्या पाण्यानं पाय फुटले, तर त्या भेगा कौतुकानं बघत बसायचा. एकदा ताप भरला तर शेवंतीचा पदर धरून विचारतोय, "माणसाला असं होतं? रोज होतं?" तिच्यासाठी गजरा आणायचा, आणि तिनं तो माळला की येडा एकटाच हसायचा.

आता विचारू नका, मग बाकीची माणसं कशी मरत होती. मरत होती. आपण कामावर जातो तसा तो रात्री उठून जायचा. परत आला की अंघोळ केल्याशिवाय तिच्याजवळ बसायचा नाही.

मरण टळलं, पोरांनो. दुखणं टळलं नाही. तिसऱ्या वर्षी शेवंतीचं अंग सुजलं. श्वास पुरेना. डॉक्टर म्हणायचे, ही जिवंत आहे कशी? रात्र रात्र ओरडायची. जीव जाईना... नेणारा उशाशी बसलेला. तिचा हात हातात धरून.

एका रात्री बाळा दाराशी उभा होता. त्यानं ऐकलं.

"सोडव आता."

"माझ्याच्यानं न्हाय व्हायचं."

"किती जनांना नेलास. मीच एकटी नको?"

त्यानं तिची उशी नीट केली.

"पेज आन. मीठ घाल तीत."

त्यानं आणली. चमच्यानं भरवली तिला. तिनं डोळे मिटून चव घेतली... किती वर्षांनी.

"आता मी पन तुझ्या हातचं मीठ खाल्लं. फिटलं. चल."

...

वाटी पडली. मग काही नाही.

बाळा आत गेला. शेवंती शांत झोपलेली. सूज नाही... कळ नाही. तो नव्हता. त्या खोलीला दुसरं दार नाही.

तिच्या कपाळावर एक थेंब वाळला होता. पांढरा. बाळानं बोट लावून जिभेला लावलं.

मीठ.

बाळाही गेला आता. मी ही गोष्ट कितीदा सांगितली, पण तो पाहुणा खरंच कोण होता, यावर मनातून माझाही विश्वास नव्हता.

गेल्या वर्षी तुमची आजी गेली... पहाटे चारला. तुम्ही सगळे झोपलेले. मी एकटा जवळ होतो. मी रडलो नव्हतो, मला वाटलं डोळा लागलाय तिचा. दिवा लावला. तेव्हा कळलं, माझ्याआधी कुणीतरी तिच्यासाठी रडून गेलंय.

कपाळावर पांढरा थेंब...

मी तो पुसला नाही.