सुशीलेचं बोलणं

आमच्या नातीचं, शाल्मलीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. साल दोन हजार चोवीस. आम्ही बळेपेटेतले शिंपी, चार पिढ्या बेंगळूरात. मला अक्षरं उशिरा आली. साठी उलटल्यावर माझ्या बायकोनं, सुशीलेनं, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून ती शिकवली.

नातजावई अवधूत पुण्याचा, कामाला इथंच बेंगळूरात, हेब्बाळला. त्याच्या कंपनीतलं यंत्र पत्रं लिहायचं. शुद्ध लिहायचं, पण वाचणाऱ्याला लगेच कळायचं की हे माणसाचं नव्हे.

"आजी, तुम्ही नुसतं बोला," तो म्हणाला. "ते ऐकेल आणि शिकेल."

"सरी, ठेव तुझा फोन. आधी स्वल्प कॉफी घे."

दर रविवारी फोन पोळपाटाशेजारी असायचा. सुशीला कानडी मिसळून बोलायची, गोष्ट मधूनच सुरू करायची. मध्येच "अय्यो, कुकर!", मग भलत्याच कुणाची सोयरीक, आणि शेवट राहूनच जायचा. मला ती "अहो" म्हणायची. लग्नात उखाण्यात एकदा माझं नाव घेतलं, पुन्हा कधी नाही. रेशनच्या कचेरीत नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हाही हिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"आजी, एकदा घ्या ना नाव. यंत्राला हवंय."

"का, त्याचं लग्न ठरलंय?"

हसली. घेतलं नाही.

पावसाळा सरता सरता तिचं "अय्यो" बंद झालं. कुकर वाजला की म्हणायची, "कुकरची शिट्टी होत आहे." मला गंमत वाटली. मग तिच्या गोष्टींना शेवट येऊ लागले. शेजारच्या रूपश्रीला जिन्यात वांगी कशी निवडावी ते सांगितलं आणि वर म्हणाली, "यातून आपल्याला तीन गोष्टी शिकायला मिळतात." रूपश्री माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "बोलणं किती स्पष्ट आहे, अण्णा. काळजी कसली?"

अवधूत मात्र खुशीत होता. यंत्राची पत्रं कंपनीच्या नंबरावरून थेट माझ्या फोनवर येतील असं त्यानं केलं. मी अक्षर लावून लावून वाचलं. पत्र मधूनच सुरू झालं होतं. मध्येच "अय्यो, कुकर!" होतं. शेवट नव्हता.

"बंद कर हे," मी म्हणालो.

"आजोबा, ते कुणाचं काही घेत नाही. फक्त ऐकतं."

"मग हिच्याकडे का उरलं नाही?"

"वय झालंय त्यांचं."

"तुझ्या आईचं वय कमी आहे. तिचं बोलणं दे त्याला."

त्यानं फोन उचलून खिशात घातला. जाताना जिन्यावरून मागं वळून बघितलं नाही. मी पुन्हा तो फोन घरात येऊ दिला नाही. पण गेलेलं काही परत आलं नाही. सुशीला वेळेवर उठायची, वेळेवर जेवायची, विचारलं तेवढंच नीट सांगायची.

दिवाळीच्या तोंडावर, संध्याकाळी, मी ब्लाउज शिवत बसलो होतो. पुढच्या खोलीचं जिन्याकडचं दार लावलेलं होतं. सुशीला आतून आली. केस नीट, पदर नीट. डोळ्यांत ओळख होती.

"नमस्कार, गुंडूराव."

पायडलवरचा पाय थांबला.

"काय म्हणालीस?"

"मी आपल्याला कशी मदत करू?"

शिलाईच्या फळीवर माझा फोन वाजला. यंत्राची पत्रं यायची, त्याच नंबरावरून. मी अक्षर लावून वाचलं.

"अहो, दार उघडा की. कधीची उभी आहे. कुकर तसाच, अय्यो, ते असू दे. आत कोण बोलतंय तुमच्याशी?"

मी दाराकडे बघितलं. मग तिच्याकडे. ती हसत उभी होती, उत्तराची वाट बघत.

मी दार उघडलं नाही.

घरात होती ती पुढच्या रथसप्तमीला वारली. मृत्यूच्या दाखल्यावर नाव सुशीलेचं आहे.